उणे तीन किलो तांदूळ

माझ्या उत्तरपत्रिकेतल्या ग्राहकाने उणे तीन किलो तांदूळ विकत घेतला होता. सरांनी त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘हा माणूस दुकानातून बाहेर येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत काय असतं?’ सगळ्यात खाली गुण होते. शंभरपैकी एकोणीस.

हैदराबादच्या विद्यापीठात एम. ए. अर्थशास्त्राचं ते माझं पहिलं सत्र होतं. नागभीडच्या कॉलेजात मी बी. ए.ला पहिली आले होते. मागणीचा नियम, त्याची गृहीतकं, त्याचे अपवाद हे सगळं मी झोपेतून उठवलं तरी मराठीत सांगू शकत होते. पण इथे पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर ग्राहक म्हणून एक समीकरण मांडलं, त्याच्या खिशातल्या पैशाचं दुसरं समीकरण मांडलं, दोन्ही एका ओळीत जोडून मध्ये लॅम्डा नावाचं ग्रीक अक्षर ठेवलं आणि म्हणाले, आता डेरिव्हेटिव्ह घ्या. वर्गातल्या बाकीच्यांनी माना खाली घालून लिहायला सुरुवात केली. मी दहावीनंतर गणित सोडलेलं होतं. डेरिव्हेटिव्ह घ्यायचं म्हणजे नेमकं कुठून घ्यायचं, हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या विषयाचं नाव ऑप्टिमायझेशन. हाताशी जे आहे तेवढ्यात जास्तीत जास्त चांगलं काय साधता येईल, ते शोधून काढण्याचं गणित. पुढच्या सगळ्या अर्थशास्त्राचा पाया तोच, असं सर सांगायचे. चार महिने मी उदाहरणं पाठ करून काढले. पेपरात उदाहरण बदललं आणि माझा ग्राहक उणे तांदूळ घेऊन घरी गेला.

नापास झालेल्यांची फेरपरीक्षा संक्रांतीनंतर होणार होती. त्यात पास झालं नाही, तर पुढच्या सत्राला बसता येणार नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सरांनी अभ्यासाला लावलेला जाडजूड इंग्रजी ग्रंथ झेरॉक्स करून घेतला आणि गावाकडे आले. घरी सांगितलं, सुट्टी लागली.

आमचं गाव नागभीडपासून सात किलोमीटरवर. धान कापून झालं होतं, धानाच्या बांध्यांमध्ये कापणीचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचलेले होते आणि आमच्या खळ्यावर चुरणं, म्हणजे धानाची मळणी, सुरू होतं. त्या दिवसांतल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास मला अजूनही कुठेही ओळखता येतो. हैदराबादला एका तबेल्याजवळून जाताना तो एकदा आला आणि मी रस्त्यातच उभी राहिले होते. आई सकाळी चुलीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडायला ठेवायची. बाबा खळ्यावरून हाक मारायचे, “विद्यापीठवाली उठली का वं?” त्या हाकेत इतका अभिमान असायचा, की मी उठून शेंगांच्या वाफेत तोंड लपवायचे.

पहिले तीन दिवस मी एकटीनेच ग्रंथाशी झटापट केली. मोबाईलवर व्हिडिओ बघावेत, तर आमच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर यायची आणि तिथे बसून पाहिलं, तरी चित्र मध्येच थांबून गोल फिरत राहायचं. चौथ्या दिवशी मला कळून चुकलं की हे आपल्याच्याने होणार नाही. आणि मला शिकवू शकेल असं माणूस आख्ख्या तालुक्यात मला एकच माहीत होतं. त्याच माणसाला मी सहा वर्षं टाळत आले होते.

त्या आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. दहावीत त्यांनी मला शिकवलं होतं. माझा निकाल लागला, तेव्हा त्या स्वतः आमच्या घरी येऊन बाबांना म्हणाल्या होत्या, हिला सायन्सला घाला, हिचं गणित चांगलं आहे. बाबा तयार होते. मीच नाही म्हटलं. माझ्या दोन्ही मैत्रिणी आर्ट्सला जात होत्या, एवढंच खरं कारण होतं, पण मी बाईंना तोंडावर सांगितलं, “मला गणित आवडतच नाही.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि निघून गेल्या. त्यानंतर बाजारात त्या दिसल्या की मी दुसऱ्या गल्लीत वळायचे.

नागभीडला रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्या एकट्याच राहत. निवृत्त होऊन त्यांना तीन-चार वर्षं झाली होती. मी गेले तेव्हा त्या पडवीत बसून सुपातली लाखोरीची डाळ निवडत होत्या. मी उत्तरपत्रिका पिशवीतून काढून सरळ त्यांच्या हातात दिली. बोलायचं काय, हे येताना सात किलोमीटर ठरवत आले होते. ते सगळं विसरले.

बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. एकोणीस गुणांवर त्यांनी नजरही टाकली नाही. तांदळाच्या ओळीपाशी आल्या आणि एकदम मोठ्याने हसल्या. शाळेत त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“उणे तीन किलो! अगं, दुकानदारालाच देऊन आला का काय तो?”

मग मलाही हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. बाईंनी मला रडू दिलं. डाळ बाजूला ठेवली.

“हे मी कधी शिकवलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “शिकलेही नीट नाही. थोडं पाहिलं होतं, चाळीसेक वर्षांपूर्वी. तुझं पुस्तक ठेवून जा. उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी गेले, तर पडवीत सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर शाईने लिहिलेल्या तीन जुन्या वह्या. पानं पिवळी पडलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. बी. एस्सी.नंतर बाई नागपूरला एम. एस्सी.ला गेल्या होत्या. एक वर्ष झालं आणि वडील अंथरुणाला खिळले, म्हणून परत आल्या आणि शाळेत लागल्या. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि वही उघडली. त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या वह्या नव्हत्या, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

पहिले दहा दिवस त्यांनी मला अर्थशास्त्राचं नाव काढू दिलं नाही. उतार म्हणजे काय, बदलाचा वेग म्हणजे काय, दोन गोष्टी एकाच वेळी बदलत असतील तर एक धरून दुसरी कशी मोजायची. दिवसाला तीस गणितं. चुकलं की त्या खोडरबर पुढे सरकवायच्या. रुळांवरून गाडी गेली की पडवी थरथरायची आणि आम्ही दोघी पेन्सिली उचलून गाडी जाण्याची वाट बघायचो.

मग एके दिवशी त्यांनी विचारलं, “तुमच्या गावामागच्या टेकडीवरून पलीकडे जाणारी पायवाट आहे ना? ती माथ्यावरून जाते का?”

“नाही. कडेने वळसा घालून उतरते.”

“मग त्या वाटेवरची सगळ्यात उंच जागा कोणती?”

“जिथं चढ संपतो आणि उतार लागतो ती.”

त्यांनी कागदावर टेकडी काढली, तिच्याभोवती सारख्या उंचीच्या रेघा काढल्या, एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. मग पेन माझ्या हातात दिलं. “आता वाट काढ. त्या सर्वांत उंच जागी तुझी वाट रेघेला कापून जाईल की नुसती चाटून?”

मी टेकडीच्या कडेने वाट काढली. मग म्हणाले, “चाटून. कापून गेली असती, तर रेघेच्या पलीकडे वाट अजून वर चढली असती. मग ही जागा सर्वांत उंच राहिली नसती.”

“झालं,” बाई म्हणाल्या. “चार महिन्यांचा तुझा धडा एवढाच आहे. टेकडी म्हणजे माणसाची इच्छा. वाट म्हणजे त्याची ऐपत. माथ्यावर कोणालाच जाता येत नाही, वाटेवरच राहून उंच जागा शोधायची. तुझा तो लॅम्डा त्या जागेचा हिशेब सांगतो, वाट थोडी वर सरकवली तर किती उंची वाढेल त्याचा.”

मी त्या दिवशी सायकलवरून घरी येताना टेकडीकडे पाहत पाहत आले. आजवर त्या वाटेने मी मोहफुलं वेचायला शेकडो वेळा गेले असेन. पुस्तकातली गोष्ट आपल्या पायाखालची असू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं आणि शाळेत दहावीपर्यंत गणित मला आवडायचं, हेही आठवलं.

घरी मी सांगितलं होतं, बाईंकडे पुढच्या सत्राचं वाचायला जाते. बाबांना त्याचंही कौतुक. एकच अट होती, साडेचारच्या आत घरी. गाव आणि नागभीड यांच्यामध्ये दोन किलोमीटर जंगल लागतं. आमच्याकडे वाघाची कोणाला नवलाई नाही, लोक आपल्या वेळा त्याच्या वेळांप्रमाणे लावून घेतात. चार वाजले की बाई स्वतःच वही मिटायच्या. एखादं गणित एका पायरीवर अडलेलं असलं तरी मिटायच्या. “उरलेलं उद्या. जा.”

सतराव्या की अठराव्या दिवशी आम्ही त्या भागाला पोचलो, जिथे माझा तांदूळ उणे झाला होता. ऐपतीची मर्यादा प्रत्येक वेळी पुरती वापरली जातेच असं नाही. कधी काही उरतंही. आणि कोणतीही वस्तू शून्याच्या खाली विकत घेता येत नाही, हीसुद्धा एक मर्यादाच; ती मी लिहिलीच नव्हती. अशा मर्यादांसाठी पुस्तकात एक नियम होता: प्रत्येक मर्यादेचा स्वतःचा लॅम्डा असतो आणि तो लॅम्डा गुणिले त्या मर्यादेत उरलेली शिल्लक, हा गुणाकार नेहमी शून्य.

मी म्हणाले, “हे पाठ करून टाकते.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मला सिद्धता कळली, पायऱ्याही कळल्या. पण असं का, ते मनात उतरलेलं नाही. माझ्या उतरलं नाही, तर तुझ्या कसं उतरणार? पुढे जायचं नाही.”

“बाई, दिवस कमी आहेत.”

“असू देत.”

त्या संध्याकाळी मी रागातच घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात बातमी आली की रस्त्याच्या कडेलाच वाघाने बैल मारला आहे. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, दोन-चार दिवस या वाटेने एकट्यादुकट्याने जाऊ नका. बाबांनी माझी सायकल घरात आणून ठेवली. मी पाळीवर जाऊन बाईंना फोन लावला, लागला नाही. निरोप टाइप करून पाठवला, तोही गेला नाही. दोन दिवस मी खळ्याच्या कडेला ग्रंथ मांडीवर घेऊन बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला खळ्यापाशी एक ऑटो येऊन थांबली. तिच्यातून बाई उतरल्या. कडक सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीतून वह्यांचे कोपरे बाहेर आलेले. बाबांनी हातातलं काम टाकलं आणि धावत पुढे गेले.

“या बाई, या. वाघाच्या दिवसांत कुठी निघाल्या एवढ्या सकाळी?”

“भाऊ, वाघाचं नागभीडला कळलं, पण पोरीची फेरपरीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि तुम्ही तिला घरी बसवलं?” बाई धापा टाकत म्हणाल्या. “मीच आले मग.”

बाबा हसतच होते. हसू तसंच तोंडावर राहिलं. “फेरपरीक्षा? कायची? थे त सुट्टीत आली ना.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तणसाचा ढीग, बैलांची पावलं, माझ्या चपलेचा तुटलेला बंद, सगळं मला अजून दिसतं.

“बाबा, मी एका विषयात नापास झाली,” मी म्हणाले. “आता पास नाई झाली त पुढं बसू नाई देत.”

आई सूप घेऊन धान उडवत होती. तिने सूप खाली ठेवलं. तीच आधी बोलली. “बापाले नाई सांगतलं थे ठीक हाये. मलेबी नाई सांगतलं तू? एवढ्या दिवसांपासून शेंगा खाऊन राह्यली माया हातच्या.” आणि ती घरात निघून गेली. ती घरात जाऊन रडत होती की चहा ठेवत होती, ते मला कळेना. नंतर कळलं, दोन्ही.

बाबांनी बाईंसाठी बाज ओढून आणली, तिच्यावर घोंगडी टाकली. मग स्वतः समोर उकिडवे बसले आणि बाईंना विचारलं, “अडलं कुठी हाये तिचं?”

“तिचंच नाही भाऊ, माझंही अडलंय,” बाई म्हणाल्या.

“तुमचंबी?” बाबांना हे फार नवल वाटलं. “सांगा बरं मले.”

बाईंनी वही उघडली, बंद केली. साध्या शब्दांत सांगायला लागल्या. समजा एक वस्तू आपल्याकडे मोजकी आहे. ती वापरून आपल्याला जास्तीत जास्त पीक काढायचं आहे. ती वस्तू आणखी थोडी मिळाली असती, तर पीक किती वाढलं असतं, तीच त्या वाढीव वस्तूची आपल्या लेखी किंमत. बाजारातली नव्हे, आपल्या घरची. पुस्तक म्हणतं की एक तर ही किंमत शून्य असते, नाहीतर वस्तूची शिल्लक शून्य असते. दोन्ही एकाच वेळी शून्याहून जास्त नसतात. असं का?

बाबांनी एक काडी उचलून दातात धरली. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला आमची बोडी आहे, पावसाचं पाणी साठवायचं लहानसं तळं. आमच्या आणि काकांच्या बांध्यांना त्याच बोडीचं पाणी. बाबा तिकडे बोट करून म्हणाले, “बाई, ज्या साली धान निसवून लोंबी भरेपर्यंत पाऊस राहते, त्या साली बोडीत पाणी उरते. तवा कोणी आलं आन् म्हटलं, भाऊ, हे घ्या आणखी एक टँकर पाणी, त मी त्याले काय देईन?”

“काय देणार?”

“चहा पाजून वापस पाठवीन. उरलंच हाये इथी, वरचं घेऊन काय करू? आन् ज्या साली तळ दिसते, त्या साली एका तासाच्या पाण्यासाठी मी आन् माया भाऊ, दोघंबी तोंड पाहत नाई एकमेकाचं. तवा पाण्याले किंमत हाये. पण तवा उरते का कुठी? थेंब नाई उरत.”

बाई बाजेवर ताठ बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि वहीत भराभर लिहायला लागल्या. लिहिता लिहिताच बोलत होत्या. “उरलं तर किंमत नाही. किंमत असेल तर उरत नाही. गुणाकार शून्यच येणार. दुसरं काही येऊच शकत नाही.” मग त्या थांबल्या. “पण भाऊ, दोन्ही एकदम शून्य? उरलंही नाही आणि आणखी हवंही नाही?”

“होते ना,” बाबा म्हणाले. “यंदाच झालं. बरोबर पुरलं.”

बाई हसल्या. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. “लिही. तुझ्या वडिलांच्या शब्दांत लिही. आणि आता तो तांदूळ परत सोडव.”

मी खळ्यावरच, बाबांच्या समोर, ते गणित सोडवलं. तांदूळ शून्य किलो आला आणि ग्राहकाने सगळ्या पैशाची प्रश्नातली दुसरी वस्तू, डाळ, घेतली. बाबा वहीत वाकून पाहत होते. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

“जमलं?” त्यांनी विचारलं.

“जमलं.”

“मंग मले आधी काऊन नाई सांगतलं वं?” ते हळूच म्हणाले. “मी काय करणार होतो, बोलणार होतो का? मले हे येत नाई बेटा, थे खरं हाये. पण तू त्या जंगलातून एवढं ओझं घेऊन एकटी जाऊन राह्यली होती, हे त मले मालूम असतं.”

मी वही मिटून त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्यासोबत निघायला लागले. पुढे त्यांची सायकल, मागे माझी. खळ्याचं काम त्यांनी काकांवर सोपवलं होतं, त्याच काकांवर, ज्यांच्याशी ते पाण्यासाठी भांडायचे. बाईंच्या पडवीबाहेर कडुलिंबाखाली ते बसून राहत. कधी बाईंच्या कुंपणाचा खांब सरळ करून देत, कधी झोपून जात. चार वाजले की आतून बाई वही मिटायच्या आणि बाहेरून बाबा खाकरायचे. दोघांची वेळ एकदाही चुकली नाही. परतताना ते विचारायचे, “आज काय शिकली?” आणि मी जंगलातून जाताना मोठमोठ्याने सांगायचे. मोठ्याने बोलत गेलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. त्या रस्त्यावरच्या सागांना आणि ऐनांना मी गणिताचा अख्खा अभ्यासक्रम ऐकवला आहे. इतकी मन लावून ऐकणारी माणसं मला नंतर फार कमी भेटली. बाबा मध्येच एखादा प्रश्न विचारायचे, तो हमखास अवघड असायचा. “आन् दोन वस्तू कमी असल्या त? पाणीबी आन् माणसंबी?” मी म्हणायचे, मग दोन लॅम्डा. “हाव, बरोबर हाये,” ते म्हणायचे, जणू काही त्यांनी तपासून पाहिलं होतं.

संक्रांतीला आईने तिळाचे लाडू बांधून दिले आणि बल्लारशाहपर्यंत ती स्वतः सोडायला आली. गाडी सुटताना खिडकीबाहेरून म्हणाली, “पास झाली का नाई, पयले मले सांगजो.” मी तसंच केलं. बाबांना दुसरा फोन. तिसरा बाईंना.

“अडुसष्ट,” मी म्हणाले.

“प्रश्नपत्रिका वाचून दाखव,” बाई म्हणाल्या. बाकी काही नाही. मी हॉस्टेलच्या गॅलरीत उभी राहून पाच प्रश्न वाचून दाखवले, त्यांनी ते लिहून घेतले. चार दिवसांनी त्यांच्या शेजारणीच्या मोबाईलवरून मला फोटो आले. पाचही प्रश्न सोडवलेले, त्या सुंदर शाईच्या अक्षरात. चौथ्याची त्यांची रीत माझ्यापेक्षा दोन पायऱ्यांनी लहान होती. ती मी सरांना दाखवली, तर सरांनी विचारलं, हे कोणाचं आहे? मी म्हणाले, माझ्या बाईंचं. सरांना वाटलं, विद्यापीठातल्या कोणी प्राध्यापिका असतील. मी ते दुरुस्त केलं नाही.

पुढची दीड वर्षं बाई माझ्यासोबत एम. ए. करत होत्या, असंच म्हणायला हवं. दर सुट्टीत मी त्यांच्यासाठी झेरॉक्स घेऊन जायचे. दुसऱ्या वर्षाचं गणित, ज्यात आजचा निर्णय उद्याच्या निर्णयाला बांधलेला असतो, त्यांनी माझ्याआधी संपवलं. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही तुमची राहिलेली परीक्षा आता का देत नाही? त्या म्हणाल्या, “परीक्षा कशाला? मला समजायला हवं होतं. समजलं.” आणि मला पोळी वाढली.

मी आता गडचिरोलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वर्गात बहुतेक मुलंमुली माझ्यासारखीच, दहावीनंतर गणित सोडून आलेली. मी त्यांना टेकडी काढून दाखवते. आरमोरीकडची मुलं धानाची उदाहरणं देतात, सिरोंचाकडची मिरचीची. बोडी म्हटलं की सगळ्यांना कळतं. मात्र त्या पडवीत जे व्हायचं, ते माझ्या वर्गात होत नाही. तिथे शिकवणाऱ्यालाही येत नव्हतं आणि शिकणाऱ्यालाही. आणि दोघींनाही त्याची लाज वाटत नव्हती.

बाईंनी नागभीडचं घर विकलं आणि त्या वडशाला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. गडचिरोलीहून वडसा एसटीने तासा-दीड तासावर. मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. पिशवीत नवीन पुस्तक होतं, मुद्दाम मागवलेलं. त्यांनी ते हातात घेतलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि बहिणीच्या टीव्हीवर ठेवून दिलं.

“गणित आता पुरे,” त्या म्हणाल्या. “मी ऑर्गन शिकून राह्यले.”

शाळेत इतकं शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून ‘शिकून राह्यले’ ऐकून मला आधी त्याचंच हसू आलं. वडशात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकमंडळ्यांची कार्यालयं आहेत. हंगामात रोज कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतं. अशाच एका मंडळीत आयुष्यभर ऑर्गन वाजवून आता घरी बसलेले एक वादक, सगळ्यांचे भाऊ, त्यांच्या गल्लीत राहत होते. दर रविवारी दुपारी बाई त्यांच्याकडे शिकायला जायच्या. मलाही सोबत घेऊन गेल्या.

भाऊंच्या ओसरीवर जुना ऑर्गन होता, दोन पट्ट्यांचा पांढरा रंग उडालेला. बाई पुढे बसल्या, साडी नीट केली आणि पायाने भाता हाणायला लागल्या. मात्रा ओठांतल्या ओठांत मोजत होत्या, एक दोन तीन, एक दोन तीन.

“बाई, मोजू नका, ऐका,” भाऊ म्हणाले.

“मोजल्याशिवाय कळत नाही मला.”

“काऊन नाई कळत? कान हायेत ना?”

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. गृहपाठ न केलेली मुलगी करते तसं तोंड केलं होतं. मी हसू दाबलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. एका नाट्यगीताचा मुखडा होता. तिसऱ्या जागी बोट घसरलं. परत. परत तिथेच घसरलं. चौथ्यांदा बाईंनी डोळे मिटले, ओठ हलायचे थांबले आणि मुखडा सलग निघाला, जरा हळू, पण सलग.

मी टाळी वाजवायला हात उचलले. भाऊंनी बोट वर करून मला थांबवलं.

“अंतरा राह्यला हाये अजून,” ते म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि समोरच्या स्वरांच्या वहीचं पान उलटलं.